टेपच्या आतला दांडा

खंडेनवमीला आमच्या भिवंडीत कितीतरी कारखान्यांत यंत्रमागाची पूजा होते, ट्रक धुतले जातात, गोदामातल्या वजनकाट्यालाही हळदकुंकू लागतं. ज्यांच्या घरी रोडबाइक आहे ते तीही अंगणात काढतात. चेन धुतात, रिम पुसतात, टायरमध्ये हवा भरतात आणि झेंडूचा हार हँडलला अडकवतात. हँडलवर गुंडाळलेल्या ज्या टेपवर हार टेकतो ती टेप मात्र खरेदीच्या दिवसापासून तशीच असते. अंगठ्याखाली घासून गुळगुळीत झालेली, खालच्या वळणावर सैल पडलेली, घामाने काळी आणि कडक. "चालतंय की अजून," असं म्हणून ती पुढच्या दसऱ्यापर्यंत ढकलली जाते.

ही टेप वर्षातून एकदा काढलीच पाहिजे, आणि पावसाळा सरल्यानंतरचे हे दिवस त्यासाठी सगळ्यात योग्य आहेत. नवी टेप हाताला बरी वाटते आणि सायकल देखणी दिसते, हे खरंच. पण माझा आग्रह आतल्या दांड्यासाठी आहे. उतारावर सायकलस्वाराचा सगळा भरवसा त्या पोकळ नळीवर असतो, आणि सबंध सायकलीत डोळ्यांआड राहणारा असा महत्त्वाचा भाग दुसरा नाही.

रविवारी पहाटे मुंबई-नाशिक महामार्गावर उभं राहिलं तर हे सायकलस्वार दिसतात. ठाण्याकडून खारेगाव, माणकोली, रांजनोली नाका मागे टाकत ते पडघ्याकडे जातात. काही शहापूरहून परत फिरतात, काही कसारा घाट चढून इगतपुरी गाठतात. दुसरे काही अंबाडीवरून वज्रेश्वरी-गणेशपुरीचा रस्ता धरतात. कंटेनरच्या वाहतुकीने रस्त्याला पडलेले चर, पुलांचे सांधे, पावसात उघडे पडलेले खड्डे यांतला प्रत्येक धक्का पुढच्या चाकातून हँडलमध्ये आणि तिथून तळहातात येतो.

याच महामार्गाच्या पलीकडच्या टोकाला, नाशिकला, लांब पल्ल्याच्या सायकलिंगची मोठी परंपरा उभी राहिली आहे. तिथल्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघाने 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची ही शर्यत सुमारे ४,८०० किलोमीटरची आहे. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. इतका वेळ हात हँडलवर ठेवायचे म्हटल्यावर टेपची जाडी, तिची पकड, तिच्या घड्या या बारीकसारीक गोष्टी राहत नाहीत.

याला वैद्यकीय कारण आहे. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला, मनगटाजवळ, एका अरुंद वाटेतून अल्नर नावाची नस जाते. हँडलवर भार टाकून तासन्‌तास बसलं की ती दबते. आधी करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येतात, मग बधिरपणा, आणि दुर्लक्ष झालं तर बटण लावायला किंवा किल्ली फिरवायलाही त्रास होतो. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांमध्ये हा त्रास इतका ओळखीचा आहे की डॉक्टरांनी त्याला सायकलच्या हँडलचंच नाव दिलं आहे. टेप हा त्यावरचा संपूर्ण उपाय नाही. सायकलचं माप बरोबर हवं आणि हाताची जागा सतत बदलती हवी. पण दबून कडक झालेली टेप धक्का शोषत नाही, आणि सैल टेपवर हात घसरू नये म्हणून माणूस मूठ आणखी आवळतो. दोन्ही गोष्टी त्या नसेवर येतात.

आता दांड्याबद्दल. बहुतेक रोडबाइकचं हँडल अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं. अॅल्युमिनियम गंजत नाही असा सर्रास समज आहे. लोखंडासारखा तांबडा गंज त्याला चढत नाही, एवढंच खरं. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. मिठातलं क्लोराइड हा थर जागोजागी फोडतं आणि तिथे खड्डे पडायला लागतात. मीठ येतं घामातून. घामाच्या एका लिटरमध्ये साधारण एक ग्रॅमच्या आगेमागे सोडियम असतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत चढावर तासाला लिटरभर घाम सहज जातो. तो मनगटावरून ओघळून टेपमध्ये मुरतो. कोरड्या प्रदेशात तो वाळून तरी जाईल. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस, शेजारी खाडी, आणि घरात कपडे वाळायला दोन दिवस लागतात. टेपखालची ओल महिनोन्‌महिने तशीच राहते.

पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही म्हणून घरातच, जागच्या जागी पायडल मारता येणाऱ्या ट्रेनरवर सायकल लावणाऱ्यांनी तर जास्तच सावध असावं. समोरून वारा नसतो, त्यामुळे घाम उडून जात नाही. तो थेट हँडलवर आणि हँडल पकडून ठेवणाऱ्या स्टेमच्या बोल्टांवर ठिबकतो. बोल्ट पोलादी, स्टेम अॅल्युमिनियमचा आणि मध्ये खारट पाणी, अशा जोडीत अॅल्युमिनियम झपाट्याने झिजतं. ट्रेनरवर वापरलेल्या हँडलची टेप उलगडली आणि आतून पांढरी भुकटी सांडली, असं अनेकांनी पाहिलेलं आहे.

हँडल मोडतं ते सहसा हळूहळू वाकून मोडत नाही. गंजाच्या खड्ड्यात किंवा एखाद्या चरीत केसाएवढी भेग सुरू होते, प्रत्येक धक्क्याने थोडी पुढे सरकते आणि एके दिवशी जोरात ब्रेक दाबताना किंवा उभं राहून चढ चढताना नळी सरळ तुटते. हाताखालचा आधार एका क्षणात जातो आणि माणूस तोंडावर पडतो. म्हणून टेप बदलण्याच्या कामात माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा वेळ जुनी टेप निघाल्यानंतरचा आणि नवी चढण्याआधीचा.

कामाला तासभर धरा, पहिल्यांदा करत असाल तर दोन. टेपची खोकी भिवंडीच्या नाक्यावरच्या दुकानात मिळेलच असं नाही, ठाण्याला जावं लागतं किंवा ऑनलाइन मागवावी लागते. गंमत अशी की मुंबईकराने घरबसल्या मागवलेली खोकीसुद्धा बरेचदा आमच्याच काल्हेर-राहनाळ-पूर्णा पट्ट्यातल्या गोदामांतून निघालेली असते. खोक्यात टेपची दोन भेंडोळी असतात, एकेक साधारण दोन मीटरचं. ब्रेकच्या लिव्हरमागची जागा झाकायला दोन आखूड तुकडे, टोकाला बसवायचे दोन प्लग आणि शेवट चिकटवायच्या दोन पट्ट्याही येतात. त्या पट्ट्या बहुतेक वेळा नीट चिकटत नाहीत. इलेक्ट्रिकच्या दुकानातली साधी काळी इन्सुलेशन टेप त्यापेक्षा चांगली. धारदार कात्री, स्पिरिट, जुनं फडकं आणि अॅलन कीचा संच, एवढंच बाकीचं सामान.

टेप कोणती घ्यावी यावर सायकलवाल्यांत रात्र रात्र चर्चा चालते. पूर्वी सुती टेप असे. फ्रान्समधले लांब पल्ल्याचे सायकलस्वार ती गुंडाळून वर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे हात देत. आपल्याकडचे सुतार लाकडाला देतात तेच ते पॉलिश, आणि ती लाख गोंदिया-गडचिरोलीच्या पळसांवरही पिकते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत चकचकीत प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या. दिसायला सुरेख, पण घामेजल्या हातात निसरड्या. १९८७ मध्ये इटलीच्या चिनेल्ली कंपनीने बुचाचे कण मिसळलेली फोमची टेप बाजारात आणली आणि हाताला गुबगुबीत टेपची सवय लागली. त्यानंतर पॉलियुरेथेनच्या आणि सिलिकॉनच्या आल्या.

भिवंडीच्या हवेसाठी माझं मत स्पष्ट आहे. बुचाची टेप हाताला सगळ्यात सुखाची, पण ती पाणी धरून ठेवते आणि ताणताना पटकन फाटते. सुती टेपवरची लाख आपल्या पावसात पांढरी पडते. पॉलियुरेथेनची, अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची टेप घ्यावी. ती पुसली की स्वच्छ होते आणि लवकर वाळते. एक विचार इथल्या माणसाच्या मनात हमखास येतो, की गावात एवढं कापड विणलं जातं, त्याचीच पट्टी फाडून का गुंडाळू नये? मागावर बसलेला कोणीही कारागीर याचं उत्तर देईल. फाडलेल्या पट्टीला किनार नसते, ती दोन दिवसांत सुटायला लागते. सुती बार टेप अरुंद मागावर दोन्ही कडांना किनार ठेवून विणलेली असते.

काढताना घाई करू नये. लिव्हरवरचं रबरी आवरण, ज्याला हूड म्हणतात, ते पुढच्या बाजूला हळूच उलटवा. टोकाचा प्लग ओढून काढा. स्टेमजवळची पट्टी सोडवून टेप उलट दिशेने उलगडत या. तिची दिशा आणि ती लिव्हरभोवती कशी फिरवली आहे हे पाहून घ्या, शक्य तर मोबाइलवर फोटो काढा. ब्लेडने टेप उभी चिरायचा मोह टाळावा. नळीवर उठलेली चरी पुढे भेगेची सुरुवात ठरू शकते, आणि कार्बनच्या हँडलवर तर ब्लेड लावूच नये. उरलेला चिकटा स्पिरिटच्या फडक्याने निघतो. रॉकेल वापरलं तर तेलकटपणा राहतो आणि नवी टेप सरकते. रबरी हूड मात्र साबणाच्या पाण्यानेच धुवा.

आता उजेडात बसून नळी बघा. लिव्हर जिथे आवळलेली आहे ती जागा आणि स्टेमच्या दोन्ही कडा यांवर जास्त लक्ष द्या, कारण भार तिथेच एकवटतो. नुसती पांढुरकी छटा पुसून जात असेल आणि खालचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर काळजी नाही. नखाला लागतील असे खड्डे, फुगवटे किंवा केसासारखी काळी रेघ दिसली तर ते हँडल त्याच दिवशी बाद करावं. ते वेल्डिंग करून घेऊ नये, घासून गुळगुळीत करून पुन्हा वापरू नये. जोरात आपटलेल्या हँडलबद्दलही हेच. कार्बनच्या नळीवर भेग, सुटलेले धागे किंवा दाबल्यावर मऊ लागणारी जागा असेल तर तीही बाद.

टेपखालून ब्रेकची आणि बऱ्याच सायकलींत गिअरचीही केबल जाते. केबल बदलायची असेल तर आत्ताच बदला, नाहीतर महिन्याभरात नवी टेप पुन्हा सोडावी लागेल. गिअरची तार लिव्हरच्या आत, वळणावर, एकेक धागा तुटत जाते आणि घाटात ऐन चढावर दगा देते. लिव्हर दोन्ही बाजूंना समान उंचीवर आहेत का हेही याच वेळी पाहा. स्टेमचे बोल्ट त्यावर छापलेल्या आकड्याइतकेच आवळा. तो बहुधा पाच न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. केबल नळीला चार ठिकाणी इन्सुलेशन टेपने घट्ट बांधली की गुंडाळायला सुरुवात करता येते.

सुरुवात नेहमी खालच्या टोकापासून. कौलं वळचणीपासून वर रचत जातात आणि वरचं कौल खालच्यावर चढतं, तसाच टेपचा प्रत्येक फेरा खालच्या फेऱ्यावर चढला पाहिजे. मग वरून दाब देणारा हात कडा उचकटत नाही. पहिल्या फेऱ्यात टेपची अर्धी रुंदी टोकाबाहेर ठेवा, ती शेवटी आत दुमडून प्लगने दाबायची असते. दिशा हाताच्या पिळावरून ठरते. खालच्या वळणावर हात बाहेरच्या बाजूला पिळतो, म्हणून तिथे टेप वरून बाहेरच्या बाजूला वळावी. वरच्या आडव्या भागावर आपण हँडल स्वतःकडे ओढतो, म्हणून तिथे ती वरून आपल्याकडे यावी. हा बदल लिव्हरपाशी टेप इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवून साधतो. प्रत्येक फेरा मागच्या फेऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंत झाकेल असा ठेवा. वळणाच्या बाहेरच्या कडेला फट पडते, तिथे थोडी जास्त झाका. ताण मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच हवा. फेरा बिघडला तर दोन फेरे मागे या आणि पुन्हा करा, टेपचा चिकटा तेवढं सहन करतो.

लिव्हरमागे आखूड तुकडा आधी लावून घ्या, नाहीतर हूड खाली केल्यावर नळी डोकावते. वर दिवा आणि किलोमीटर मोजणारं यंत्र बसवायला जागा सोडून थांबा. शेवटचं टोक तिरकं कापा म्हणजे कड नळीला काटकोनात बसते, आणि इन्सुलेशन टेपचे तीन-चार घट्ट फेरे द्या. टोकाचा प्लग हरवला असेल तर नवा मिळेपर्यंत सायकल बाहेर काढू नका. उघड्या नळीची कड पडताना पोटात किंवा मांडीत खोल घुसते.

हे काम गल्लीतल्या सायकलच्या मिस्त्रींनाही जमतं. त्यांच्याकडे रोज बहुतेक साध्या सायकली येतात, पण हाताला ताण आणि कोन यांची जाण असते. टेप न्या, जवळ बसा, दिशा सांगा. फक्त जुनी टेप निघाल्यावर त्यांना दांडा तुमच्यासमोर फडक्याने पुसायला सांगा आणि तो स्वतः पाहा.

नवी टेप लावून झाल्यावर लगेच लांबचा बेत आखू नका. पडघ्यापर्यंत जाऊन परत या, एखाद्या मोकळ्या जागी दोन्ही ब्रेक जोरात दाबून पाहा, हँडल स्टेममध्ये फिरत नाही आणि टेप कुठे सरकत नाही याची खात्री करा. मगच कसारा घाटाकडे निघा.