शेवटचा डबा बघितला का?

गाडी फलाटाला लागली की लोकांच्या नजरा इंजिनाकडे जातात, माझी जाते शेवटच्या डब्याकडे. मी मंगळवार पेठेत राहते. पुणे स्टेशन घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. शाळेतली नोकरी संपल्यापासून माझा नेम ठरलेला आहे. सकाळी दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं आणि त्याच्या दोन तासांत मिळतील तेवढ्या गाड्या बघायच्या. ‘तुम्हाला दुसरं काही सुचत नाही का?’ असं नात्यातली माणसं विचारतात. पण गाडी बघणं हे रिकामपणाचं काम नाही. रेल्वे त्यासाठी पगार देऊन माणसं ठेवते.

शेवटच्या डब्याच्या पाठीवर पिवळी मोठी फुली असते, ‘एलव्ही’ लिहिलेली छोटी पाटी असते आणि रात्री लाल दिवा उघडमिट करतो. एलव्ही म्हणजे लास्ट व्हेइकल. स्टेशनातून गाडी न थांबता गेली, तरी तिथल्या कर्मचाऱ्याने ही खूण डोळ्यांनी बघायची असते. खूण दिसली म्हणजे गाडी अख्खी आली, वाटेत डबे सुटून राहिले नाहीत. मगच मागच्या गाडीला वाट मोकळी. आता बऱ्याच मार्गांवर अ‍ॅक्सल काउंटर हे यंत्र गाडीचे आस मोजतं. आत शिरले तेवढे बाहेर पडले की रस्ता रिकामा झाला असं धरतात. तरी फुली कायम आहे.

फलाटाच्या टोकाला गेलात, तर गाडी आत शिरताना रुळांच्या दोन्ही बाजूंना माणसं उकिडवी बसलेली दिसतील. ही सीअँडडब्ल्यूची, म्हणजे कॅरेज अँड वॅगन विभागाची माणसं. चालत्या गाडीची चाकं, स्प्रिंगा, ब्रेकचे भाग ती नजरेखालून घालतात. यात अर्धं काम कानांचं असतं. ब्रेक लागून चाक न फिरता घसरत गेलं, की एका जागी घासून चपटं होतं. मग दर फेऱ्याला ठण्‌ ठण्‌ असा ठोका पडतो आणि रुळाला मार बसत राहतो. माझ्या नातवाला हा ठोका ओळखायला शिकवलाय. मालगाडी जाताना तो डोळे मिटून उभा राहतो, आणि मध्येच बोट दाखवून म्हणतो, ‘आज्जी, ही वाघीण!’

न थांबणाऱ्या गाडीला स्टेशनवरचा माणूस हिरवा झेंडा दाखवतो, गार्ड मागच्या डब्यातून आपला झेंडा दाखवतो. रात्री झेंड्याच्या जागी दिवा. याला ‘ऑलराइट दाखवणं’ म्हणतात. चाकाजवळ धूर दिसला, काही लोंबकळताना दिसलं, तर हिरव्याच्या जागी लाल झेंडा वर जातो. गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. फलाटावर बोलताना मात्र अजून गार्डच.

आपल्यासारख्यांनाही बरंच वाचता येतं. सिग्नलला एक पिवळा दिवा असेल, तर पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी ठेवायची. दोन पिवळे असतील, तर त्याच्या पुढच्याला. डब्याच्या अंगावरच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे म्हणजे तो बांधल्याचं साल. सकाळची डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून मुंबईला जाते आहे, पण आजचे तिचे डबे नव्या एलएचबी बनावटीचे; हे डबे तिला २०२२ मध्ये मिळाले. जुन्या निळ्या डब्यांत ब्रेकचे ठोकळे थेट चाकावर दाबले जायचे. नव्या डब्यांत ते आसावरच्या तबकडीला पकडतात, म्हणून गाडी थांबताना तो जुना करकराट ऐकू येत नाही.

डब्यावरचा क्रमांक नुसत्या हौसेपुरता नाही. गाडीखाली काही लोंबताना, ठिणग्या उडताना किंवा धूर निघताना दिसला, तर जवळच्या रेल्वे कर्मचाऱ्याला सांगा, नाहीतर १३९ वर फोन करा. गाडीचा आणि डब्याचा नंबर सांगता आला, तर शोधणाऱ्याचा वेळ वाचतो. मुलांना स्टेशनवर नेलंत, तर इंजिनाबरोबर ही फुलीही दाखवा. गाडीची वाट बघणाऱ्या एवढ्या गर्दीतल्या चारजणांनी आलेल्या गाडीकडे नीट बघितलं, तरी झेंडा धरून उभ्या असलेल्या माणसाला तेवढे डोळे जादा मिळतील.