फॉर्मलाइज म्हणजे काय? अर्थ आणि वापर

ऑफिसच्या मेलमध्ये किंवा बातमीत 'फॉर्मलाइज' हा शब्द दिसला की अनेक जण त्याचा अर्थ 'ठरवणे' असा घेतात. खरा अर्थ एक पाऊल पुढचा आहे: ठरलेल्या गोष्टीला आदेश, करार किंवा सही-शिक्क्याने अधिकृत रूप देणे.

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं उदाहरण पाहा. 16 जून 2021 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाचे 41 कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागायला मंजुरी दिली. बातमी लगेच पसरली, पण फॅक्टरी अजून बोर्डाकडेच होती. 28 सप्टेंबरला संरक्षण मंत्रालयाचा आदेश निघाला. 1 ऑक्टोबरपासून बोर्ड बरखास्त झालं, फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली आणि कर्मचारी सुरुवातीला दोन वर्षांसाठी तिथे प्रतिनियुक्तीवर गेले. निर्णय जूनमध्ये झाला. तो फॉर्मलाइज झाला या आदेशाने.

मिळतेजुळते शब्द:

- अनाउन्स: जाहीर करणे
- फायनलाइज: चर्चा संपवून पक्कं ठरवणे
- फॉर्मलाइज: पक्कं ठरलेलं अधिकृत करणे

वाक्यात वापर:

- 'लेट्स फॉर्मलाइज द रेंट अ‍ॅग्रीमेंट.' म्हणजे तोंडी ठरलेला भाडेकरार आता कागदावर आणू.
- 'द कंपनी फॉर्मलाइज्ड हिज प्रमोशन.' म्हणजे कंपनीने त्याच्या बढतीचं पत्र काढलं.

त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर 'पगारवाढ फायनल' असा मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारा: आदेश निघाला का?