अंड्याच्या कवचामागचं प्रथिन

अवसरी बुद्रुक, मंचर पट्ट्यातल्या पोल्ट्रीवाल्यांनो, हे वाचाच! एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. खाद्यातलं कॅल्शियम आतड्यात शोषताना कॅलबिंडिन नावाचं प्रथिन ते धरून पेशीच्या पलीकडे पोचवतं. १९६६ मध्ये वॉसरमन आणि टेलर यांनी ते शोधलं, तेही कोंबडीच्याच आतड्यात. ड जीवनसत्त्व कमी पडलं, की कॅलबिंडिनही घटतं.

प्रयोगशाळेत ते ओळखायला मोनोक्लोनल अँटिबॉडी वापरतात. ती बनवायची कोलर आणि मिलस्टाइन यांची पद्धत १९७५ची. ही अँटिबॉडी उंदराच्या एकाच पेशीच्या वंशातून आलेली असल्याने तिचा प्रत्येक रेणू प्रथिनाची तीच ठरावीक जागा पकडतो. काचपट्टीवरच्या ऊतीच्या पातळ कापावर ती घालून रंगप्रक्रिया केली, की कॅलबिंडिनवाल्या पेशी तपकिरी होतात. हे प्रथिन मेंदूतही असतं; लहान मेंदूतल्या पुरकिंजे पेशी तर फांद्यांसकट उठून दिसतात. फोटो जरूर शोधून बघा, फार देखणे असतात!