हात कुठे लागतो

सकाळी ७. उधन्याहून जळगावकडे जाणारी गाडी धडधडत गेली की सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या पत्र्याच्या शेडचं कुलूप निघतं. पावसाळा सरत आलाय, पण हवेत ओल आहे. अशा हवेत चपड्याचं पॉलिश मारलं की वर पांढुरकी साय चढते. म्हणून दहाच्या आत स्पिरिटची बाटली उघडायची नाही. तोवर घासकाम.

८. वेसूच्या एका बेनचं सागवानी कपाट आलंय, त्यांच्या सासूबाईंच्या वेळचं. जुनं पॉलिश १२० नंबरच्या कागदाने उतरतंय. भाचा महिन्यापूर्वीच धुळ्याहून आला. घासता घासता थांबला. ‘‘मामा, चांगलं लाकूड काबर खराब करी ऱ्हायनात?’’

त्याला काय सांगू? वीस वर्षं मी टोचे आणि ओरखडे बुजवूनच पोट भरलं. आपल्याकडे लाकडाची शान म्हणजे चकाकी; संखेड्याचा लाखेचा झोपाळा बघा. आता ओरखडे पाडायचे पैसे जास्त मिळतात. इंग्लंडच्या ॲनी स्लोनबाईंनी १९९० साली खडूसारखा कोरडा दिसणारा रंग काढला, तो मोबाइलवरून फिरत फिरत वेसूपर्यंत पोचला. बोलता बोलता माझ्या हातातली लांबीची पत्ती कपाटावर फिरतच होती.

१०. ऊन आलं. आता चपड्याचा हात. सागाच्या अंगात तेल असतं. थेट फिकट रंग दिला, तर चार दिवसांत पिवळट डाग वर येतात. चपडा मध्ये आला की ते अडतात. ही पायरी गाळणाऱ्याचं काम महिन्याभरात परत येतं.

११.३०. तपकिरी रंगाचा हात. तो वाळल्यावर कडांवर मेणबत्ती घासायची. मेण असेल तिथे वरचा रंग धरत नाही, कागद लावताच निघून येतो. सगळी जादू दहा रुपयांच्या मेणबत्तीत.

१. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा.

२. इमल्शनमध्ये प्लास्टर ऑफ पॅरिस. भुकटी आधी पाण्यात कालवायची, गुठळी मोडायची, मगच रंगात सोडायची. वाटीभरच करायचं, नाहीतर डब्यातच दगड होतो. खणांना तडे हवेत, म्हणून तिथे आधी फेविकॉल. तो बोटाला चिकटेल इतपत ओला असतानाच वरचा रंग ओढायचा आणि ब्रश दुसऱ्यांदा फिरवायचा नाही. वाळताना रंग आपसूक फाटतो.

४. आता झीज पाडायची. भाच्याने कागद घेतला आणि सगळीकडे सारखाच घासायला लागला. कपाटाला खरूज झाल्यासारखं दिसायला लागलं! त्याला म्हटलं, आधी कपाट उघड. कुठे धरलंस? उजव्या दाराच्या कडेला, छातीच्या उंचीवर. तिथे घास. खणाच्या मुठीखाली, जिथे नख लागतं. पायांना, जिथे रोज झाडू आपटतो. मागच्या बाजूला कोण हात लावतो? मग ती कोरी ठेव.

६. बेन आल्या. खूश. दार उघडून बघितलं, पुन्हा लावलं आणि कुलपाखाली बोट फिरवलं. ‘‘मारां सासुनी चावीनुं निशान क्यां गयुं?’’

किल्लीला लटकलेला जुडगा दार उघडताना हेलकावायचा, त्याने लाकडात अर्धगोल घासला गेला होता. चाळीसेक वर्षांचा असेल. सकाळी मीच तो लांबीने बुजवला, बघितलासुद्धा नाही.

७.३०. माझ्या किल्ल्या कुलपाला टांगून हेलकावून बघितल्या. नुसते चरे उठले, तेही भलतीकडे.

८.३०. शेवटी पटाशीचं टोक. पांढरा रंग, तपकिरी रंग, चपडा, मग लांबी. जोर लावला तर लाकूडच निघायचं, म्हणून खसखशीएवढा कण कण उकरायचा. भाच्याने मोबाइलचा उजेड धरलाय. अर्धगोलाचं डावं टोक मोकळं झालं; तळाशी मळाची काळी, गुळगुळीत रेघ. अजून बोटभर बाकी आहे.