भंगारातून जन्मलेली सायकल

1976 सालच्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळ, डोंगरातल्या एका मातीच्या उतारावर काही तरुणांनी सायकलशर्यत लावली. सायकली तीस-चाळीस वर्षं जुन्या, वजनदार, जाड टायरच्या. पॅडल उलटं दाबलं की मागच्या हबमधला ब्रेक लागायचा. एका उतरणीतच हब इतका तापे की आतलं ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावं लागे. इंग्रजीत याला ‘रीपॅक’ म्हणतात. शर्यतीचं नावही तेच पडलं. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्या उतारावरची मंडळी.

माउंटन बाइकची सुरुवात अशी जुन्या सायकली खोलण्या-जोडण्यातून झाली. हाताने काम शिकू पाहणाऱ्याला म्हणूनच जुनी माउंटन बाइक आजही मानवते.

1981 साली स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टंपजंपर’ 750 डॉलरना बाजारात आली. 1983 मध्ये ट्रेक कंपनीची 850 आली, आणि दशक संपेपर्यंत माउंटन बाइक घरोघर पोचली. पहिल्या काही वर्षांच्या दुर्मीळ सायकलींना आता संग्राहक मोठी किंमत मोजतात. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. त्याच्यासाठी 1987 ते 1995 या काळातली, ट्रेकच्या 800 मालिकेतली किंवा स्पेशलाइज्डची ‘रॉकहॉपर’ यांसारखी मधल्या दर्जाची सायकल उत्तम. क्रोमोली पोलादाची फ्रेम, सस्पेन्शन नसलेला साधा चिमटा, 26 इंची चाकं आणि कँटिलिव्हर ब्रेक एवढं त्यात असावं. 1987 मध्ये शिमानो कंपनीच्या ‘डिओर एक्सटी’ या सुट्या भागांच्या संचात टप्प्याटप्प्याने बदलणारे गिअर आले. पुढे ते स्वस्त सायकलींतही उतरले.

सायकल बघायला गेल्यावर आधी आपल्या उंचीला फ्रेम बसते का ते पाहावं. मग सीटचा दांडा हलवून बघावा. पोलादी नळीत अॅल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिला की दोन धातू एकमेकांना धरून बसतात आणि तो निघता निघत नाही. हँडलचा दांडाही तसाच तपासावा.

त्यानंतर हँडलखालच्या जोडाकडे वळावं. तिथे खालच्या नळीवर रंगाला आडव्या भेगा किंवा फुगवटा दिसला, तर सायकल समोरून आदळलेली असते. ती सोडून द्यावी. वरवरचा गंज घासून निघतो, वाकलेली फ्रेम मात्र पुन्हा भरवशाची होत नाही.

दोन गोष्टी पहिल्या खेपेला टाळलेल्या बऱ्या. नव्वदच्या दशकातल्या सस्पेन्शन चिमट्यांतले रबरासारखे ठोकळे आता कडक होतात किंवा त्यांचा भुगा होतो. ऐंशीच्या दशकातले काही यू-ब्रेक मागच्या चाकापाशी, फ्रेमच्या खालच्या बाजूला बसवलेले असतात. तिथे चिखल साठतो आणि साधे ब्रेक त्या जागी बसत नाहीत.

बाकीची दुखणी किरकोळ. गिअरचा खटका अडकत असेल तर बहुधा आतलं ग्रीस घट्ट झालेलं असतं. धुऊन तेल दिलं की तो चालू लागतो. छर्रे बदलता येतात, चाकांची आऊट काढता येते. चेनवर मात्र फूटपट्टी धरावी. नव्या चेनच्या बारा जोडकड्या बरोबर 12 इंच भरतात. त्या एक अष्टमांश इंच जास्त भरल्या, तर चेनबरोबर मागचे दातेही झिजलेले असतात.

चेन, केबल, ब्रेकचे रबर आणि टायर यांचा खर्च जुन्या सायकलीच्या खरेदीच्या किमतीहून सहज जास्त होतो. म्हणून भाव करतानाच तो हिशेब मांडावा, आणि सरळ फ्रेम व मोकळा सीटचा दांडा असलेली सायकल रंग उडालेला असला तरी बेलाशक घ्यावी.