*गावाचा आराखडा: आपल्या पाड्याचं काम त्यात आहे का?*



आज फवारणीचा किंवा बाजारभावाचा मेसेज नाही, पण विषय शेतीचाच आहे. 2 ऑक्टोबरपासून ग्रामपंचायतींमध्ये पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं काम सुरू होतं. त्यात आपल्या पाड्याचं काम लिहिलं गेलं नाही, तर पुढे वर्षभर "निधी नाही" हेच ऐकावं लागतं. म्हणून हा मेसेज पूर्ण वाचा. घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

*आराखडा म्हणजे काय?*
राज्यात 2015 पासून 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने ग्रामपंचायत विकास आराखडा तयार होतो. एक असतो पाच वर्षांचा बृहत आराखडा. त्यातूनच दरवर्षीचा वार्षिक आराखडा काढतात. मंजूर झालेली कामं ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतात आणि पैसा त्याच कामांवर खर्च होतो. बऱ्याच ठिकाणी मागच्या वर्षाची यादी थोडी बदलून पुन्हा चढवली जाते, कारण सभेला कोणी नवीन मागणी घेऊन येतच नाही.

*पैसा कुठून येतो?*
1) वित्त आयोगाचा निधी: 15 व्या आयोगाने यातला 60 टक्के हिस्सा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि स्वच्छता यासाठी बांधून दिला. उरलेला 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे.
2) पेसा अबंध निधी: आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना थेट मिळतो. आपला अक्कलकुवा तालुका त्यात येतो. जलसंधारण, जंगल आणि वनोपजावरची उपजीविका यासाठीही तो वापरता येतो.
3) रोजगार हमी: बांध, चर, फळबाग अशी कामं यातून होतात. गावातच मजुरी मिळाली तर होळीनंतर गुजरातला जावं लागत नाही.

*आपला हक्क काय?*
1996 च्या पेसा कायद्याप्रमाणे विकासाची योजना अंमलात येण्याआधी ग्रामसभेची मंजुरी लागते. लाभार्थी ग्रामसभा ठरवते. खर्च बरोबर झाला याचा दाखलाही ग्रामपंचायतीला ग्रामसभेकडूनच घ्यावा लागतो. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. पाण्याला किती लांब जावं लागतं हे बायकांनाच नीट माहीत असतं, तेव्हा ती सभा चुकवू नका.

*मागणी कशी लिहायची?*
"पाण्याची सोय करावी" एवढंच लिहिलं तर त्याचं अंदाजपत्रक कोणी बनवू शकत नाही. चार गोष्टी लिहा: जागा (पाडा, नाला, कोणाच्या शेताजवळ), किती घरांना उपयोग, कोणत्या महिन्यात अडचण, आणि कोणतं काम हवं.

उदाहरण: "अमुक पाड्याच्या वरच्या डोंगरावर सलग समतल चर आणि खालच्या नाल्यावर दगडी बांध. 35 घरं. फेब्रुवारीनंतर झरा आटतो."

*कामांचा क्रम बघा*
आपल्या सातपुड्याच्या उतारावर माथा ते पायथा हाच क्रम ठेवा. आधी वर समतल चर, मग नाल्यात दगडी बांध, शेवटी खाली मोठा बंधारा. वरचं काम न करता खाली बंधारा बांधला तर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. आराखड्यात फक्त सिमेंट बंधारा दिसला तर सभेत विचारा, "वरचे चर कुठे आहेत?" तीव्र उतारावर शेततळं मागू नका, ते टिकत नाही.

दुसरी गोष्ट आमचूर. जमिनीवर वाळवला की माती लागते, रंग काळा पडतो आणि मोलगीच्या बाजारात भाव पडतो. पाड्यात एक सामाईक वाळवणी ओटा असला तर आमचूर, मोह, भगर सगळ्यालाच उपयोग होतो. तो मागण्यासारखा आहे.

ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला आहे, त्यांनी जंगलाच्या व्यवस्थापन आराखड्यातली कामंही यात जोडून घ्यावीत. दोन कागद वेगवेगळे राहिले तर जंगलाचा कागद मागे पडतो.

*सभेत काय करायचं?*
- एकट्याने जाऊ नका, पाड्यातले सगळे मिळून जा. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला आणखी कमी लोक येतात.
- आपल्या बोलीत बोला, लाज नको. पण ठराव मराठीत कसा लिहिला ते उठण्याआधी मोठ्याने वाचून घ्या.
- मागणी लेखी द्या आणि पोच घ्या.
- ठरावाच्या पानाचा फोटो काढून ठेवा. नंतर पोर्टलवर तेच काम चढलं का ते तपासा. फरक दिसला तर पुढच्या सभेत तोच फोटो दाखवा.

*आता करायचं काम*
या आठवड्यात पाड्यात बसून तीनच कामं ठरवा. वीस मागण्या दिल्या तर कोणती घ्यायची ते दुसराच कोणी ठरवतो. ती तीन कामं याच नंबरवर लिहून किंवा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. मागणीचा अर्ज नीट लिहून द्यायला आम्ही मदत करू. अर्ज मात्र तुमच्याच सहीने आणि तुमच्याच हाताने सभेत गेला पाहिजे.

— कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी