नवजात बाळाच्या कानाची परीक्षा

पाळण्याजवळ थाळी वाजवली आणि बाळ दचकले, की त्याला ऐकू येते असे आपण समजतो. ही परीक्षा फसवी आहे. थाळीचा मोठा आवाज ऐकणाऱ्या कानाला हळू बोलणे ऐकू येईलच असे नाही. दर हजार बाळांमागे सुमारे एक ते तीन बाळांच्या ऐकण्यात जन्मतः दोष असतो.

मग तान्ह्या बाळाची परीक्षा घ्यायची कशी? आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली नळी असते. ध्वनी पोचला की तिच्यातील काही केशपेशी लांब-आखूड होतात आणि त्यातून अतिशय क्षीण ध्वनी उलट बाहेर येतो. १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी तो मोजून दाखवला. झोपलेल्या बाळाच्या कानात ध्वनी सोडायचा आणि परत येणारा ध्वनी सूक्ष्म मायक्रोफोनने टिपायचा, अशी ही चाचणी काही मिनिटांत होते.

तरीही रुग्णालयात ती सोपी नसते. गोंगाटात हा क्षीण ध्वनी बुडून जातो. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात ओलावा व चिकटा असल्याने चांगला कानही नापास ठरतो. थांबावे, तर बाळ-बाळंतीण घरी जातात. शिवाय कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूतील दोष या चाचणीत सापडत नाही. म्हणून अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांच्या मज्जातंतूतील विद्युत्-संदेशही तपासावे लागतात.

सर्वांत अवघड असते ती फेरतपासणी. समजा, १,००० बाळांपैकी ५० नापास झाली आणि त्यांतील तिघांतच खरा दोष आहे. ५० पैकी २५च परत आली, तर ती तीन बाळे आलेल्यांत आहेत की न आलेल्यांत, हे कसे कळणार?

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारखे गाव डोळ्यांपुढे आणा. लेक बाळंतपणाला माहेरी येते, पुढे सासरी जाते. रुग्णालयाच्या वहीत पत्ता माहेरचा आणि बाळ भलत्याच गावी! बाळ तर हसते-खेळते. मग मजुरी बुडवून लांब कशाला जायचे, असे घरच्यांना वाटते.

पण भाषा शिकण्याचा काळ थांबत नाही. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाय, असा दंडक आहे. २०१३ साली पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. त्यात आशा कार्यकर्ती घरी येऊन बाळाला पाहते. तिच्या वहीत सासरचाही पत्ता असला, तर यंत्राने दिलेली सूचना वाया जाणार नाही.